दवाखान्यात ॲडमिट व्हायचंय? खान्देशातल्या पेशंट आणि नातेवाइकांसाठी कामाची माहिती

तापीकाठ (धागाकर्ता) :

"पेशंट दवाखान्यात टाकलाय" असा फोन आला की आपल्याकडे अर्धी गल्ली टमटममध्ये बसून निघते. माया सगळ्यांनाच असते, पण पेशंटच्या रोजच्या गोळ्या कोणाच्याच पिशवीत नसतात. म्हणून हा धागा. वॉर्ड, थिएटर, बिलिंग, योजना या कामांत रोज असणाऱ्यांनी आपापलं लिहा. दवाखान्याचं नाव घेऊन तक्रार इथे नको. काय होतं, का होतं आणि आपण काय करायचं, एवढंच लिहू.

सुरुवात पिशवीपासून. रेशन कार्ड आणि आधार मूळ प्रतीत, शिवाय प्रत्येकाच्या चार झेरॉक्स. आधारवर "लिलाबाई" आणि रेशन कार्डवर "लीलाबाई" असेल तर ते काउंटरवर पहिल्याच दिवशी सांगा, योजनेची मंजुरी अशा फरकावर अडकून बसते. नव्या सुनेचं नाव सासरच्या रेशन कार्डवर चढलेलं नसतं, तेही तपासा. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेवा, सर्वांत नवा वर. एक्स-रे आणि सीटीच्या फिल्म गुंडाळू नका, चुरगळलेल्या फिल्मवर रेघा येतात.

गोळ्या मूळ पाकिटासकट न्या. "बीपीची पांढरी गोळी" या वर्णनावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, ॲसिट्रॉम) तर ते कोणी विचारायची वाट बघू नका, आधी सांगा. ऑपरेशनची तारीखसुद्धा त्यावर बदलते. गावात कोणाकडून जडीबुटी किंवा सांधेदुखीची पुडी घेतली असेल तीही लपवू नका. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ते अचानक बंद झालं की बीपी खाली जाऊ शकतं, आणि डॉक्टर कारण दुसरीकडेच शोधत राहतात.

सोनं घरी ठेवा. चष्मा, कानातलं मशीन आणि कवळी मात्र न्या, कवळीसाठी झाकणाचा डबा न्या. कवळी कागदात गुंडाळून उशीजवळ ठेवली की झाडूवाल्या मावशी कचरा समजून उचलतात. पायात मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल हवी. आणि एक शंभर पानी वही.

सिस्टर_अमळनेर :

वहीचं बरं झालं काढलंत, भाऊ. वॉर्डात सगळ्यात मोठी अडचण नातेवाईक बदलण्याची. सकाळी मोठा मुलगा, दुपारी जावई, रात्री पुतण्या. डॉक्टर राउंडला मुलाला काय बोलले ते रात्रीच्या पुतण्याला माहीत नसतं. मग तो विचारतो, "सिस्टर, यांना पाणी द्यायचं का?" वहीत तारीख, वेळ, कोणते डॉक्टर आले, काय म्हणाले, कोणती तपासणी पाठवली, काय खायला सांगितलं, एवढं लिहा. ड्यूटी बदलताना आम्ही एकमेकींना चार्ज देतो, तसा तुम्हीही एकमेकांना द्या.

ड्यूटी बदलायच्या वेळा बहुतेक सरकारी वॉर्डांत सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ अशा असतात. खासगीत थोड्या इकडेतिकडे. त्या अर्ध्या तासात खाटेखाटेवर पेशंटची माहिती दिली-घेतली जाते. चादर, ताट असलं काम तेव्हा सांगू नका, आधी किंवा नंतर सांगा. दम लागला, छातीत दुखलं, रक्त दिसलं, पेशंट नीट बोलेना, तर मात्र कोणतीही वेळ बघू नका.

आता सलाईन. हातावरच्या सुईला आम्ही व्हेनफ्लॉन किंवा इंट्राकॅथ म्हणतो. रंगावरून तिची जाडी कळते: पिवळी २४, निळी २२, गुलाबी २०, हिरवी १८. आकडा लहान तितकी सुई जाड. ऑपरेशनला किंवा रक्त द्यायला हिरवी-गुलाबी लागते, म्हणून "लहान सुई लावा ना ताई" म्हटलं तरी प्रत्येक वेळी ऐकता येत नाही. ती जागा सुजली, लाल झाली, दोरीसारखी कडक शीर हाताला लागली किंवा औषध सोडताना आग झाली की लगेच सांगा. "सहन होतंय" म्हणून गप्प बसू नका, त्या शिरेत जंतुसंसर्ग होतो.

सलाईनच्या नळीवर एक चाक असतं. ते नातेवाइकांनी फिरवायचं नाही, कितीही घरी जायची घाई असली तरी. ५०० मिलीची बाटली ८ तासांत द्यायची असेल तर साध्या सेटवर (२० थेंबांचा १ मिली) मिनिटाला २१ थेंब पडतात. कोणी चाक मोकळं केलं की तेच पाणी अर्ध्या-पाऊण तासात आत जातं. हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर ते फुप्फुसात उतरतं आणि पेशंट उठून बसून श्वास ओढायला लागतो. बाटलीत पोटॅशियम टाकलेलं असेल तर वेगात गेल्यावर हृदयाचे ठोके बिघडतात. बाटली संपून नळीत रक्त चढलं तर घाबरू नका, हात खाली ठेवा आणि हाक मारा.

बोरीकाठची_लेक :

सिस्टर, म्हातारी माणसं त्रास सांगतच नाहीत, त्यांचं काय करायचं?

सिस्टर_अमळनेर :

ताई, सांगतात. आपल्या बोलीत सांगतात. आजी म्हणते "जीव घाबरस", "माले चक्कर येस", "पोटमा गयरं दुखस". समोरचा निवासी डॉक्टर विदर्भातला किंवा परराज्यातला असतो. त्याला "गयरं" म्हणजे खूप हे माहीत नसतं, तो "दुखतंय" एवढंच लिहितो. "जीव घाबरस" यात छातीतली धडधड असू शकते, साखर उतरलेली असू शकते किंवा नुसती भीतीही. म्हणून सोबतच्याने उलगडून विचारावं. कुठे, केव्हापासून, चालताना की पडल्यावर, घाम आला का, हात-जबड्याकडे कळ जाते का, मग मराठीत डॉक्टरांना सांगावं. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा भागातून पावरी किंवा भिली बोलणारा पेशंट येतो तेव्हा पहिल्या दोन दिवसांत तरी मराठी-हिंदी येणारा एक माणूस सोबत पाहिजेच. हिस्ट्री चुकीची लिहिली गेली की पुढचं सगळं त्यावरच उभं राहतं.

नाना_चोपडा :

ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात ते नक्की किती तास? आमच्याकडे सांगतात रात्री १२ नंतर काही नाही, पण नंबर दुपारी ३ ला लागतो. मे महिन्यात ४५ डिग्रीत म्हातारा माणूस कोरडा पडतो.

भूलघर :

नाना, प्रश्न बरोबर आहे. सर्वसाधारण नियम असा: तेलकट-जड जेवण ८ तास आधी बंद, हलकं जेवण आणि दूध ६ तास, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. "१२ नंतर काही नाही" हे सोयीसाठी सांगतात, कारण यादीचा क्रम पुढेमागे होतो. दुपारचा नंबर असेल तर सकाळी भूलतज्ज्ञांना सरळ विचारा, "पाणी किती वाजेपर्यंत देऊ?" बऱ्याचदा परवानगी मिळते. पण मधुमेह, पोटात अडथळा, गरोदरपण अशा वेळी पोट उशिरा रिकामं होतं. तिथे मनाने काही करू नका.

सगळ्यात जास्त ऑपरेशन चहामुळे पुढे ढकलली जातात. आपल्याकडे चहाला कोणी खाणं मानतच नाही. दुधाचा चहा पोटासाठी जेवणच आहे, ६ तास धरायचे. आणि घेतला असेल तर खरं सांगा. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. ऑपरेशन चार तास उशिरा झालं तर काही बिघडत नाही. मशेरी, तंबाखू, विडी हेही त्या दिवशी नाही, खरं तर जितके दिवस आधी सुटेल तितकं बरं. विडी ओढणाऱ्याला भुलीनंतर खोकला आणि कफ फार त्रास देतो.

बीपीची गोळी सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची की नाही, आणि साखरेची गोळी-इन्सुलिन थांबवायचं का, हे आदल्या संध्याकाळी लिहून घ्या. उपाशीपोटी नेहमीचं इन्सुलिन दिलं तर साखर खाली जाते.

जोडवी, अंगठी, नथ, बांगड्या, गळ्यातलं काढावं लागतं. मंगळसूत्र काढायला बायकांना जड जातं, ते समजतं. पण शस्त्रक्रियेत विजेवर चालणारं कॉटरी मशीन वापरतात आणि अंगावरच्या धातूमुळे चटका बसू शकतो. हाताला सूज आली तर अंगठी रुततेही. नखांचं पॉलिश पुसून या. नखावर गडद मेंदी असेल तर सांगा, ऑक्सिजन मोजणारा चिमटा चुकीचा आकडा दाखवू शकतो.

संमतीपत्र मराठीत मागा. कोणतं ऑपरेशन, कोणत्या बाजूचं, कोणती भूल, हे भरलेलं असल्याशिवाय सही करू नका. उजवा-डावा असा प्रश्न असलेल्या अवयवावर डॉक्टर पेनने खूण करतात, ती पेशंट जागा असताना झालेली बरी.

पाठीत सुई देऊन भूल दिली तर पाय दोन ते चार तास जड राहतात. घाबरू नका, आणि पाय हलला म्हणून लगेच उठायलाही जाऊ नका. ६ ते ८ तासांत लघवी झाली नाही तर सांगा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं, असं झालं तर ते याच सुईचं असू शकतं. त्यावर इलाज आहे. "उन्हाचं असेल" म्हणून सोडू नका.

जळगावकर_पीटी :

भूलघर यांच्या पुढचं मी घेतो. ऑपरेशननंतर तीन रंगीत गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र देतात, स्पायरोमीटर. दहातले आठ जण त्यात फुंकतात. फुंकायचं नाही, ओढायचं! तोंडात नळी घट्ट धरून हळू आणि लांब श्वास आत घ्यायचा, गोळी वर गेली की दोन-तीन सेकंद धरायचा, मग नळी काढून सोडायचा. जागेपणी दर तासाला दहा वेळा. पहिली गोळी ६००, दुसरी ९००, तिसरी १२०० ला उठते. पहिल्या दिवशी एकच उठली तरी चालेल. पोटावर टाके असतील तर खोकताना उशी पोटाशी धरा.

पहिल्यांदा उभं करताना खाटेच्या कडेवर पाय सोडून दोन-तीन मिनिटं बसवा. चक्कर नाही ना, विचारा. मग एका बाजूने धरून उभं करा. पेशंट पडतात ते बहुतेक रात्री, लघवीला जाताना, ओल्या फरशीवर. रात्री भांडं खाटेजवळ ठेवा आणि बाजूचे कठडे वर करा.

हलता न येणाऱ्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्या. माकडहाड, टाचा आणि नितंबांच्या बाजू रोज उजेडात बघा. कातडी लाल झाली आणि बोटाने दाबून सोडल्यावरही लालच राहिली, तर ती बेडसोरची सुरुवात. या टप्प्यावर नुसतं त्या जागेवरचं वजन काढलं तरी भागतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबरी शीटवर घाम साचतो आणि कातडी दोन दिवसांत सोलते. वर सुती चादर टाका, ओली झाली की बदला.

सिस्टर_अमळनेर :

लघवीच्या नळीचंही जोडते. पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. स्ट्रेचरवरून नेताना पेशंटच्या पोटावर पिशवी ठेवतात, तेव्हा आतली लघवी परत मूत्राशयात जाते आणि जंतू सोबत नेते. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करा, आणि ओतायच्या आधी आकडा वहीत लिहा. मोठ्या माणसाला ताशी वजनाच्या किलोमागे अर्धा मिली तरी लघवी व्हायला हवी, म्हणजे ६० किलोला ताशी ३० मिली. सहा तासांत पिशवीत शंभरच दिसले तर आम्ही विचारायची वाट बघू नका.

आहारतज्ज्ञ_भुसावळ :

केळीबद्दल लिहायलाच हवं. आपण जळगाव जिल्ह्यातले, पेशंटला बघायला जाताना हातात डझनभर केळी असतातच. त्यात शहाळंही. साध्या पेशंटला दोन्ही चालतात. किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम वाढलेलं असेल तर दोन्ही घातक आहेत, हृदय अचानक थांबण्यापर्यंत जाऊ शकतं. खाटेवरच्या चार्टवर "रीनल डाएट" किंवा "लो पोटॅशियम" लिहिलं असेल तर केळी परत न्या. पाहुण्याला वाईट वाटेल म्हणून अर्धंसुद्धा भरवू नका.

पाण्याचं बंधन असेल, उदाहरणार्थ दिवसाला १ लिटर, तर त्यात चहा, ताक, वरणाचं पाणी, बर्फ सगळं धरतात. घरचा स्टीलचा पेला साधारण २०० मिलीचा, पण प्रत्येक घरात वेगळा. एकदा मापाने भरून बघा. सकाळी लिटरची बाटली भरून ठेवा. पेशंट जे काही द्रव घेईल तितकं पाणी त्या बाटलीतून ओतून कमी करा. बाटलीत उरलेलं म्हणजे दिवसाचं उरलेलं. मे महिन्यात ही गोष्ट फार कठीण असते. तोंड कोरडं पडलं तर ओला कापूस ओठांवर फिरवा, चूळ भरून थुंकायला लावा, लिंबाची फोड चघळायला द्या.

पोटाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितल्यावर पाणी, मग तांदळाची पेज, मग मऊ खिचडी. वायू सरणं ही महत्त्वाची खूण आहे, झालं की लाजू नका, सांगा. "तोंडाला चव नाही" म्हणून घरून शेवभाजी आणि कळण्याची भाकरी डब्यात येते, चौथ्या दिवशी पोट फुगतं. मिरची काही दिवस थांबवा. खिचडीला चव हवी असेल तर जिरं आणि थोडं तूप चालतं का ते विचारून घ्या.

योजनामित्र_धुळे :

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल. तिचं जुनं रूप, राजीव गांधी जीवनदायी योजना, २ जुलै २०१२ ला पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झालं, त्यात आपलं धुळे होतं. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, तेव्हा १३५६ उपचार यादीत होते. पिवळं, केशरी, पांढरं, तिन्ही रेशन कार्डं चालतात.

लोक इथे चुकतात: "हा दवाखाना योजनेत आहे" एवढं पुरेसं नाही. तुमचा आजार यादीत हवा आणि त्या दवाखान्याला त्याच विभागाची मान्यता हवी. हाडांसाठी मान्यता असेल आणि पेशंट किडनीचा असेल तर उपयोग नाही. म्हणून पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राच्या (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) टेबलाशी जा. नियोजित ऑपरेशनला आधी ऑनलाइन मंजुरी लागते. तातडीच्या वेळी फोनवरून कळवून उपचार सुरू होतात, कागद मागाहून देता येतात. त्यामुळे अपघाताच्या रात्री रेशन कार्ड गावाला राहिलं म्हणून योजना गेली असं समजू नका.

मंजुरी मिळाल्यावर खाट, जेवण, औषधं, तपासण्या, इम्प्लांट (शरीरात बसवायची प्लेट, स्टेंट वगैरे) सगळं पॅकेजमध्येच. त्यातल्या कशाला वेगळे पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ वर फोन करा.

वय ७० किंवा अधिक असेल तर उत्पन्न न बघता केंद्राच्या आयुष्मान योजनेचं वय वंदना कार्ड निघतं, २९ ऑक्टोबर २०२४ पासून. आजार यायच्या आधीच काढून ठेवा.

सरकारी दवाखान्यांत एक फरक लक्षात ठेवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाची प्राथमिक केंद्रं, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं पूर्ण मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतात, तिथे ठरलेलं थोडं शुल्क असतं. त्यामुळे शिरपूरला मोफत झालं आणि धुळ्याला पावती फाडली, यात कोणी फसवलं असं धरू नका.

नवापूरचा :

आमच्याकडचे पेशंट सुरतला जातात, जवळ पडतं. कार्ड तिथे चालतं?

योजनामित्र_धुळे :

दादा, नाव केंद्राच्या आयुष्मान यादीत असेल तर तिथल्या मान्यताप्राप्त दवाखान्यात चालतं. फक्त राज्य योजनेच्या रेशन कार्डावरची पात्रता गुजरातेत धरून चालू नका. निघण्याआधी १४५५५ वर नाव आणि दवाखाना दोन्ही विचारा.

बाळंतपणाचंही सांगून टाकतो, विचारणारे खूप असतात. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त मोफत. नैसर्गिक बाळंतपणाला ३ दिवस आणि सिझेरियनला ७ दिवस जेवण मोफत. न्यायला-आणायला १०२. इतर तातडीला १०८. मुंबई-पुण्याला मोठ्या धर्मादाय रुग्णालयात पाठवलं तर तिथल्या समाजसेवकांना भेटा. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल त्यांच्यासाठी १० टक्के खाटा मोफत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंतच्यांसाठी १० टक्के खाटा सवलतीत राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊनच निघा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही पेशंट ॲडमिट असतानाच करायचा असतो. पैसे दवाखान्याच्या खात्यात जातात, घरी आल्यावर बिलं दाखवून मिळत नाहीत.

बिलखाता :

खासगी विमा असणाऱ्यांसाठी. खोली निवडताना पॉलिसी उघडा. समजा ३ लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाडं दिवसाला १ टक्का, म्हणजे ३ हजार. तुम्ही ६ हजारांची एसी खोली घेतली तर वरचे ३ हजार खिशातून जातातच, शिवाय डॉक्टर व्हिजिट, नर्सिंग, थिएटरचा खर्च हेही अर्धेच मिळतात. ते ८० हजार असतील तर ४० हजार तुमचे. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू यांवर ही कात्री लागत नाही. ज्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा नाही तिथे हा प्रश्नच नाही. हातमोजे, मास्क, नोंदणी फी असल्या वस्तू बऱ्याच पॉलिसींत बसत नाहीत. मोठ्या बिलात ती रक्कम आठ-दहा हजारांवर सहज जाते, तेवढी रोकड तयार ठेवा.

२०२४ च्या नियमांप्रमाणे विमा कंपनीने कॅशलेसचा (बिल कंपनी थेट दवाखान्याला भरते) पहिला निर्णय १ तासात आणि डिस्चार्जच्या वेळचा ३ तासांत द्यायचा आहे. उशीर झाल्यामुळे दवाखान्याने जास्त आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची. पण घड्याळ सुरू होतं दवाखान्याने कागद पाठवल्यावर. म्हणून "फाइल किती वाजता पाठवली?" हे विचारा, वेळ वहीत लिहा.

बिल शेवटच्या दिवशी बघू नका. दर दोन दिवसांनी चालू बिल मागा, तपशीलवार. औषधांच्या पावत्या आणि खाटेवर प्रत्यक्ष आलेली औषधं ताडून बघा. डिस्चार्जच्या दिवशी न वापरलेली औषधं परत करता येतात, पण पावती लागते आणि पाकीट कापलेलं नको. दवाखान्याच्याच मेडिकलमधून औषध घ्यायचं बंधन नाही. बाहेरून आणलं तर बॅच नंबर आणि मुदत दाखवून सिस्टरांकडे द्या. थंडीत ठेवायचं इंजेक्शन जळगावच्या उन्हात मोटरसायकलच्या डिकीत आणू नका, थर्मासमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात आणा.

२ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला कायद्याने बंदी आहे. तुकडे पाडून भरली तरी एकाच उपचाराची म्हणून धरली जाते. ट्रान्सफर करा. दराचा फलक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं २०२१ पासून राज्यातल्या नोंदणीकृत खासगी दवाखान्यांना बंधनकारक आहे. आणि हे फार दुःखाच्या वेळी लागतं म्हणून लिहितो: बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

कापूसपट्टा_१०८ :

फवारणीतली विषबाधा, साप, अपघात, जळणं या केसेस एमएलसी (मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसेस) होतात. पोलीस जबाब घ्यायला येतात. त्याला घाबरून "चक्कर येऊन पडला" असं सांगू नका, उपचार चुकतात. पहिला उपचार पोलिसांच्या कागदासाठी थांबवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे स्पष्ट केलंय. फवारणीच्या औषधाचा डबा लेबलासकट आणा, कारण ऑर्गॅनोफॉस्फेट (कीटकनाशकांचा एक प्रकार) असेल तर उतारा वेगळा, दुसरं असेल तर वेगळा. अंगावरचे कपडे काढा आणि अंग साबणाने धुवा, कातडीतून विष जातच राहतं. साप मारून आणू नका, दुरून फोटो मिळाला तर ठीक. चिरा, दोरी, मंत्र यांत तास घालवू नका. विषाचा उतारा ग्रामीण रुग्णालयातसुद्धा सुरू होऊ शकतो.

एरंडोलकर :

आयसीयूत आत सोडत नाहीत, काही कळतही नाही. तिथे काय विचारायचं?

भूलघर :

दिवसातून एकदा डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात, ती वेळ विचारून घ्या आणि घरातला एकच माणूस ठरवा. रोज तेच चार प्रश्न विचारा: श्वास स्वतःचा की मशीनवर, आणि मशीनवर असेल तर ऑक्सिजन किती टक्के? बीपी टिकवायला औषधाचा पंप चालू आहे का, कालपेक्षा वाढवला की कमी केला? लघवी किती झाली? शुद्ध कशी आहे? पंप कमी होतोय आणि ऑक्सिजनचे टक्के उतरतायत, तर दिशा सुधारण्याची. "सीरियस आहे" या शब्दापेक्षा हे आकडे जास्त सांगतात. भेटायला जाताना आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर हात चोळून निर्जंतुक करा. ताप-खोकला असलेल्याने आणि लहान मुलांनी जाऊ नये.

तापीकाठ :

डिस्चार्जचं राहिलं. डॉक्टर सकाळी "आज सोडू" म्हणाले म्हणजे ११ ची एसटी पकडता येईल असं नाही. उपचारांचा सारांश (डिस्चार्जचा कागद) टाइप होतो, औषधं परत जातात, बिल बंद होतं, विमा किंवा योजनेची मंजुरी येते. चार-पाच तास धरा. सारांश खाटेवरच वाचा: निदान, ऑपरेशनची तारीख, प्रत्येक गोळी किती दिवस, टाके कधी काढायचे, पुन्हा कधी दाखवायचं, आणि कशासाठी त्याआधीच धावत यायचं. जुनी बीपी-साखरेची गोळी चालू ठेवायची की बंद, हे सारांशात राहून जातं. मग घरी एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या सोबत घेतल्या जातात. हाडात प्लेट किंवा हृदयात स्टेंट बसवला असेल तर त्याचा स्टिकर कागदावर लावून घ्या.

डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी नेणं म्हणजे डामा. न्यायचंच ठरलं तरी तोवरच्या उपचारांचा सारांश आणि रिपोर्ट मागून न्या, पुढचा डॉक्टर त्याशिवाय अंधारात राहतो. पूर्ण रेकॉर्ड लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यावं लागतं.

बोरीकाठची_लेक :

ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ तपासायला पाठवली तर तो रिपोर्ट कोण देतं? डिस्चार्जच्या कागदात नसतो.

सिस्टर_अमळनेर :

ताई, बायोप्सीला साधारण ७ ते १० दिवस लागतात, तोवर पेशंट घरी पोचलेला असतो. निघताना लॅबचं नाव, नमुन्याचा नंबर आणि रिपोर्टची तारीख सारांशावरच लिहून घ्या. त्या दिवशी टाके कोरडे असोत, दुखणं थांबलेलं असो, कोणीतरी जाऊन तो कागद आणा आणि ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा. लॅबच्या कपाटात न नेलेले रिपोर्ट पडून असतात. त्यात एखाद्या पाकिटात कॅन्सर लिहिलेला असतो आणि पेशंट घरी "बरं झालं" म्हणून शेतात जात असतो.